गागोद्याचे घर आणि त्याची जमीन

पेण म्हटले की गणपती. पावसाळा लागण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा लागतात. मुंबई-पुण्यालाच नव्हे, सातासमुद्रापार पेणचा गणपती जातो. पण याच पेण तालुक्यात एक घर असे होते, की तिथे गणपती बाहेरून येत नसे. घरातले आजोबा सहाणेवर चंदन उगाळायला बसत, नातवंडांना हाताशी घेत आणि त्या गंधाचीच मूर्ती घडवीत. दिवस भरले की तिचे विसर्जन होई. आपल्या हातांनी घडवलेला देव आपणच पाण्यात सोडायचा, याचे घरातल्या थोरल्या नातवाला फार वाईट वाटे. हातून घडलेल्या वस्तूवरही मन जडू द्यायचे नाही, हा त्यातला धडा आपल्याला पुढे कळला, असे त्या नातवाने मोठेपणी सांगितले.

ते घर गागोदे बुद्रुकच्या भाव्यांचे. आजोबा शंभुराव आणि नातू विनायक. ११ सप्टेंबर १८९५ रोजी या घरात जन्मलेल्या विनायक नरहर भावे यांना जग आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखते. गागोद्याला येणारा माणूस संताचे जन्मस्थान पाहायला येतो, हात जोडतो आणि परत जातो. पण एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. हे घर इनामदाराचे होते. लोकांकडे जमीन मागत देशभर पायी फिरलेला माणूस जमीनवाल्याच्या घरात जन्मला होता.

ओटीवरचे राज्य

इनाम म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. जमिनीच्या उत्पन्नातला सरकारचा हिस्सा सरकारने सोडायचा आणि तो एखाद्या घराण्याला भोगू द्यायचा, हे इनाम. कोकणात त्याच्या जोडीला खोती होती. गावचा सारा गोळा करून सरकारात भरण्याचा हक्क खोताचा. भरायचे किती हे ठरलेले, पण कुळाकडून घ्यायचे किती हे बव्हंशी खोताच्या मर्जीवर. पेणच्या खाडीकाठी याहून वेगळी शिलोत्री पद्धत होती. खाडीला बांध घालून, खारे पाणी अडवून भातशेती उभी करायची आणि बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराने घ्यायची. भरतीला बांधाला खांड पडली की सारा गाव टोपल्या घेऊन धावे. जमीन कागदावर कुणाचीही असो, ती समुद्राकडून हिसकावून घेतली होती आगरी-कोळ्यांच्या अंगमेहनतीने.

अशा मुलखात जमीनवाल्याचे घर म्हणजे केवळ राहण्याची जागा नव्हे. ओटीवर हिशेब चालत, पडवीत कुळे ताटकळत, अंगणात भाताची मापे पडत, माजघरात कणगे भरत. घराची उंची जोत्यावरून मोजत आणि घरधन्याची पत त्याच्या कोठारावरून. मालक चांगला निघाला तर गाव सुखी, वाईट निघाला तर गावाला वाली नाही. सारा मामला एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून. मालक भला असो वा बुरा, या व्यवस्थेतला मूळ दोष हाच होता.

भाव्यांच्या घरातला स्वभाव कसा होता, याच्या खुणा विनोबांनीच सांगितल्या आहेत. झाडाचा पहिला फणस उतरला की आई रुक्मिणीबाई तो फोडून गरे आधी गावात वाटायला लावीत. मुलांनी घरोघर द्रोण पोचवायचे आणि मग आपण खायचे. ‘देतो तो देव, राखतो तो राक्षस’ हे त्यांचे बोलणे. एकदा पूजेच्या वेळी देवावर विंचू चढला. आजोबांनी त्याला मारू दिले नाही. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, म्हणाले, आणि पूजा पुढे चालू. घरात एक आंधळे काका होते. बिऱ्हाड बडोद्याला गेल्यावर त्यांच्या निधनाचे पत्र आले, पण घरात कुणी सुतक पाळले नाही. विनायकाने विचारले तेव्हा आईने सांगितले, की ते आपले कुणीच नव्हते. निराधार होते म्हणून आपल्याकडे राहत होते. इतकी वर्षे मुलांना ते ठाऊकही नव्हते.

वारस नसलेले घर

वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला गेले होते. त्यांच्यामागोमाग वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास विनायकाने गागोदे सोडले. शिकलेला मुलगा शहरात, घर म्हाताऱ्यांच्या हवाली, ही कोकणातल्या घरोघरची कहाणी. इथे मात्र ती वेगळ्या वाटेने गेली. १९१६ साली विनायकाने आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली आणि तो काशीला निघून गेला. त्याच वर्षी तो गांधीजींकडे पोचला. पाठोपाठ बाळकोबा आणि शिवाजी हे दोघे भाऊही त्याच वाटेने गेले. तिघांपैकी एकानेही लग्न केले नाही. इनामदाराच्या घराला तीन कर्ते मुलगे आणि एकाच्याही नावामागे पुढची पिढी नाही! १९४७ साली धुळ्याला नरहरराव वारले, तेव्हा रक्षा गोदावरीत सोडावी असे निघाले. विनोबा म्हणाले, मातीचे आहे ते मातीला द्या, नदीवर आपला काय हक्क? रक्षा मातीतच गेली.

इथे रोह्याची आठवण होते. विनोबांनंतर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाड तालुक्यातल्या नाते गावी चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. त्यांचे घर रोह्याचे. तेही जुन्या वळणाचे, पण वडील द्वारकानाथ वकील. जमिनीच्या आधाराकडून विद्येच्या आधाराकडे वळलेल्या घरांपैकी एक. चिंतामणराव आयसीएस झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली राजीनामा देऊन बाहेर पडले. १९५१ च्या शरदात नियोजन मंडळाशी बोलण्यासाठी विनोबा पवनारहून पायी दिल्लीला गेले. त्या वेळी अर्थमंत्री आणि मंडळाचे सदस्य असलेले चिंतामणराव पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आकड्यांत बुडालेले होते. एकाच जिल्ह्याचे, एकाच वयाचे दोघे. एकाच्या हाती देशाचा जमाखर्च आणि दुसऱ्याच्या हाती रिकामी झोळी. जुन्या जमीनदारीचे पुढे काय करायचे, या प्रश्नाची ही दोन उत्तरे होती.

कायदा, लढा आणि दान

तिसरे उत्तर कुळांनी स्वतः दिले होते, आणि तेही शेजारीच. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ साली संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. सहा वर्षे जमीन पिकवली नाही, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, म्हणजे स्वराज्य आल्यावर. पाठोपाठ व्यक्तिगत इनामेही गेली. १ एप्रिल १९५७ पासून कूळ कायद्याने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व अमलात आले आणि कितीतरी ओट्यांवरचे हिशेब कायमचे बंद झाले.

विनोबांचा मार्ग वेगळा. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला चाळीस भूमिहीन कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. तिथून पुढे तेरा वर्षे ते चालत राहिले. मला तुमचा आणखी एक मुलगा समजा आणि त्याचा सहावा हिस्सा द्या, ही मागणी. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. त्यातली बरीच कसण्याजोगी नव्हती आणि बरीच कधी वाटलीच गेली नाही, हेही तितकेच खरे. दानाने व्यवस्था बदलत नाही, असे टीकाकार म्हणाले. चरीच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगायला नको होते. पण पहिला फणस आधी गावाला देणाऱ्या घरातला मुलगा दुसरे काय मागणार? त्याने देशातल्या प्रत्येक ओटीवर जाऊन आपल्या आईचेच बोलणे सांगितले. गागोद्याचे घर चांगल्या मालकाचे होते. सगळे मालक तसे होतील, ही त्याची श्रद्धा. सगळे तसे नसतात म्हणून कायदा लागतो आणि कायदा वेळेवर येत नाही म्हणून संप लागतो.

आजची ओटी

म्हणून ही गोष्ट जुनी झाली असे मानण्याचे कारण नाही. कायद्याने कुळाच्या नावावर आलेली जमीन पुढे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी मागितली गेली. तेव्हा पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. गावकरी रांगा लावून आले. पुढे तो प्रकल्प बारगळला. आता अटल सेतू झाला आहे आणि उरण, पनवेल, पेण तालुक्यांतील १२४ गावांत नव्या नगराची आखणी झाली आहे. पेण-रोह्याच्या रस्त्यांवर प्लॉटच्या आणि फार्महाऊसच्या पाट्या दिसतात. सातबाऱ्यावरचे नाव पुन्हा बदलते आहे. फरक एवढाच, की नव्या मालकाच्या पडवीत कुळे बसत नाहीत. फाटकाला कुलूप असते आणि आत राखणीला बहुधा त्याच गावचा माणूस असतो. ज्या कातकऱ्याच्या नावे कधी सातबारा नव्हताच, तो इनामदारीत बांधावर होता, कूळ कायद्यात बांधावर राहिला आणि आजही बांधावरच आहे.

दान, कायदा आणि लढा ही तिन्ही उत्तरे याच मातीत उगवली आणि तिन्हींनी थोडेथोडे काम केले. गागोद्याला गेलात तर हात जरूर जोडा. पण निघताना मागे वळून पाहा. तीन मुलांनी पाठ फिरवलेले हे इनामदाराचे घर पाहायला लोक आजही येतात. जमीन राखून ठेवणाऱ्यांच्या किती वाड्यांच्या वाट्याला हे आले?