एकटीची वाट आणि सातजणींची नौका

राजूरच्या वायव्येस उभे असलेले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर उंचीमुळे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर म्हणून भूगोलाच्या पुस्तकांत नोंदले गेले आहे. परंतु अकोले तालुक्याच्या या मुलखात त्याची जी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती एका स्वाभिमानी मुलीची आहे. रानावनात हिंडण्याची आवड असलेली कळसू नावाची कोळ्याची पोर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या इंदोर गावी एका घरी कामाला राहिली, ती भांडी घासणार नाही आणि केरही काढणार नाही अशी अट घालूनच. आणि पुढे एके दिवशी घरातल्या कोणी तीच कामे तिला फर्मावली, तेव्हा हुकूम पाळून ती जी डोंगर चढून गेली, ती देह ठेवीपर्यंत खाली उतरली नाही. तिने भांडी घासली ते ठिकाण थाळेमेळ म्हणून ओळखले जाते. करार मोडला की चाकरीही संपली, हा न्याय त्या मुलीने कोणत्याही कचेरीचा आधार न घेता स्वतःच अमलात आणला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र ती गेली एकटीच. त्या घरात तिच्यासारखी दुसरी कोणी राबत होती की काय, याविषयी कथा मौन बाळगते.

आपल्या अद्भुतकथांतील बंदिवान स्त्री बहुधा अशीच एकाकी असते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर यांनी अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आपल्या आयेच्या तोंडून ऐकलेल्या दख्खनच्या कथा 1868 मध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, आणि अ‍ॅनाने त्या आपल्या आजीपासून ऐकलेल्या होत्या. त्यांतील एका कथेत सात राजकन्यांपैकी धाकटी बालना हिला पंचकिन नावाचा मायावी जादूगार हरण करून नेतो, आणि त्याच्याशी विवाह करण्यास ती नकार देते म्हणून तिला बारा वर्षे मनोऱ्यात कोंडून ठेवतो. अखेर गोड बोलून त्याचे प्राण दूरच्या अरण्यातील एका हिरव्या पोपटात आहेत हे गुपित तीच काढून घेते. परंतु तो पोपट आणून जादूगाराचा अंत करण्याचे काम कथेने तिच्या मुलाकडे सोपविले आहे, आणि सहाही बहिणी इकडे घरी त्या मुलाला वाढविण्यात गुंतलेल्या आहेत. बुद्धी बंदिनीची आणि पराक्रम मात्र पुरुषाचा, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी ज्या कादंबरीने निग्रहाने मोडली, तिचा परिचय मराठी वाचकांना व्हावा, असे मला मनापासून वाटते. फिनलंडमध्ये राहून स्वीडिश भाषेत लिहिणाऱ्या मारिया तुर्चानिनॉफ यांनी 2014 मध्ये ‘मारेसी’ ही किशोरांसाठीची कादंबरी लिहिली. तिला त्याच वर्षी फिनलंडचा बालकुमार साहित्याचा फिनलंडिया पुरस्कार मिळाला. तिच्यातील स्त्रियांचा मठ कसा स्थापन झाला, याची पूर्वकथा 2016 च्या ‘नाओंडेल’मध्ये आली आहे. कबीरा नावाची मुलगी आपल्या घराण्याकडे परंपरेने आलेल्या पवित्र झऱ्याचे रहस्य प्रेमाच्या भरात इस्कान या महत्त्वाकांक्षी पुरुषापाशी उघड करते. त्या पाण्याच्या सामर्थ्यावर तो सत्ताधीश होतो, आणि तिच्यासह देशोदेशींच्या स्त्रियांना आपल्या महालातील जनानखान्यात डांबतो. वनस्पतींचे गुण जाणणारी गराई, स्वप्ने विणणारी ऑर्सिओला, शस्त्र चालविणारी सुलानी, अशा एकमेकींविषयी साशंक असलेल्या बंदिनी आपापल्या मुखाने आपली कहाणी सांगतात, हळूहळू त्यांच्यात विश्वास उत्पन्न होतो, आणि शेवटी सात जणी नाओंडेल नावाच्या नौकेतून मेनोस बेटावर पोहोचतात. अत्याचाराचे चित्रण प्रखर असल्यामुळे हे पुस्तक लहानग्यांच्या हाती देण्याजोगे नव्हे. जाणत्या वयाच्या मुलींचे ते आहे.

मुलींनी मिळून मुक्त होणे ही केवळ परदेशी कल्पना आहे, असे मात्र कोणी समजू नये. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीच्या आणि फसवून नेणाऱ्यांच्या तावडीतून शेकडो मुली व विधवा सोडवून आणल्या, आणि पुणे जिल्ह्यातील केडगावी त्यांचे ‘मुक्ती’ सदन वसविले, जेथे छापखान्यापासून मागापर्यंतची कामे स्त्रियाच करू लागल्या. सोडविणारी तेथे एक होती हे खरे. परंतु सुटलेल्यांनी मिळून आपला संसार उभा केला, हे अधिक खरे.

अद्भुतरम्य कादंबरी मराठीला नवी नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची आहे. उणीव आहे ती मुलींनी एकजुटीने सुटण्याच्या कथेची, आणि तिची सामग्री तर राजूरच्या आसपास विपुल पडलेली आहे: पाणवठ्यावर पूजिल्या जाणाऱ्या, सदैव सातांच्या समूहानेच वावरणाऱ्या साती आसरा, बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे चढवून रात्रभर नाचणारी दैवते, आणि रतनगडाच्या माथ्यावरील, वारा आरपार वाहू देणारे नेढे. या भागातील आश्रमशाळांच्या वसतिगृहांत पाड्यापाड्यांहून आलेल्या मुली एकत्र राहतात, एकमेकींचे आजारपण काढतात आणि एकमेकींची गुपिते राखतात. अशा कथेचे मर्म त्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही. एकीला रान ठाऊक असेल, दुसरीला अक्षर, तिसरीला गाणे. आणि या तिन्ही विद्या एकत्र आल्यावाचून कुलूप उघडणार नाही, अशी कादंबरी मराठीत कोणी तरी, शक्य तर याच मुलखातल्या एखाद्या मुलीने, लिहिली पाहिजे. कळसूने आपली अट राखण्याचे धैर्य दाखविले. त्या धैर्याला सोबतिणी मिळवून देणे हे आता लेखकांचे कर्तव्य आहे.