टर्बोचा उन्हाळा

पुण्याच्या नाना पेठेत गाडीच्या सुट्या भागांसाठी वणवण केलेल्या माणसाला सलमाबाद परकं वाटत नाही. बहरीन बेटावर, मनामाच्या नैर्ऋत्येला, ईसा टाऊनच्या शेजारी हे गाव आहे. त्याचा औद्योगिक भाग म्हणजे शटरांच्या लांबच लांब रांगा. एका गाळ्यात डेंटिंग-पेंटिंग, पुढच्यात रेडिएटर, मग सायलेन्सरवाला, एसीवाला, टायरवाला, लेथवाला. बोलणं हिंदी-उर्दूत, मल्याळममध्ये आणि कामापुरत्या अरबीत चालतं. जवळच आली गावात कुंभारांच्या भट्ट्या आहेत आणि प्राचीन डिल्मुन संस्कृतीच्या काळातली दफनटेकाडंही. ती टेकाडं २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. अशा जुन्या मातीच्या उंबऱ्यावर दुपारभर ग्राइंडर किंचाळत असतात.

गाडीचं काम घरी करायची हौस असलेल्यांसाठी ही वस्ती मोठा आधार आहे. टर्बोतून येणारी हवा थंड करणारा इंटरकूलर घरीच उतरवायचा, त्याचा तडकलेला कोपरा सलमाबादला नेऊन ॲल्युमिनियम वेल्डिंग करून घ्यायचा आणि संध्याकाळी परत घरी बसवायचा. तुटलेला स्टड लेथवर काढून मिळतो, पाइप हव्या त्या कोनात वाकवून मिळतो, रेडिएटरची दाबचाचणी होते. घरच्या मेकॅनिकला एकट्यानं सगळं यावं लागत नाही. कुठलं काम आपलं आणि कुठलं यंत्राचं, एवढं त्याला कळायला हवं.

या बेटाला गाड्यांचं वेड लागण्यामागे इतिहास आहे. आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं तेल १९३२ साली इथेच, जबल दुखानच्या पायथ्याशी लागलं. २००४ च्या एप्रिलमध्ये त्याच वाळवंटात, साखीरला, मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि मायकेल शूमाखरनं ती फेरारीसाठी जिंकली. ५.४१२ किलोमीटरच्या त्या ट्रॅकशेजारी ड्रॅग शर्यतींची सरळ पट्टीही आहे. एकानू रेसिंग हा बहरीनचा संघ टोयोटाच्या सहा सिलिंडरांच्या २जेझेड इंजिनांवर बांधलेल्या ड्रॅग गाड्यांमुळे जगभर ओळखला जातो. हे इंजिन १९९३ च्या सुप्रामुळे गाजलेलं, २,९९७ सीसीचं, ओतीव लोखंडी ब्लॉकचं. त्यातून कारखान्यानं दिलेल्या ताकदीच्या कितीतरी पट ताकद काढणारे लोक इथे आहेत. त्यांना पाहून साध्या टर्बो गाडीच्या मालकालाही ‘आपण थोडा बूस्ट वाढवू’ असं वाटू लागतं.

आणि चूक इथूनच सुरू होते. या हवेत टर्बो गाडीवर केलेला प्रत्येक बदल आधी तापमानाशी भिडतो. ताकद विकत मिळते. थंडावा मात्र एकेका जोडापाशी, एकेका पाइपापाशी बसून कमवावं लागतं.

त्यासाठी टर्बोचं काम थोडं समजून घ्यायला हवं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या तप्त वायूनं एक चाक फिरवायचं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हा जादा दाब म्हणजेच बूस्ट. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून दोन लिटरचं इंजिन तीन लिटरसारखं ओढतं. हा दांडा मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्याही पुढे जातो. टर्बाइनच्या बाजूला नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपासचा वायू आणि अवघ्या काही सेंटिमीटरवर कॉम्प्रेसरची बाजू, जिथली हवा आपल्याला थंड हवी असते. या दोन टोकांमध्ये दांड्याला तोलून धरते ती तेलाची पातळ फिल्म.

हवा दाबली की तापते. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी बाहेर १५ अंश असताना एक बार बूस्ट दिला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर टर्बोतून हवा साधारण १०५ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलरनं वाढलेल्या उष्णतेपैकी सत्तर टक्के काढून घेतली, तर इंजिनात ४२ अंशांची हवा जाते. आता हाच हिशेब जुलैतल्या सलमाबादसाठी करू. बाहेर ४५ अंश, टर्बोतून १४५, इंटरकूलरनंतर ७५. तेवढ्याच दाबाला या हवेत सुमारे नऊ-दहा टक्के प्राणवायू कमी असतो, म्हणजे ताकद तिथेच गेली. त्याहून वाईट म्हणजे तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीनंतर शिस्तीनं जळत नाही. उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडा पडल्यासारखा दाब येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. नॉक सेन्सरला ते ऐकू आलं की संगणक ठिणगी मागे घेतो, गाडी सुस्त होते. मालकाला वाटतं बूस्ट कमी पडतोय, म्हणून तो आणखी वाढवायला जातो.

म्हणून माझं ठाम मत आहे की पहिला पैसा मोजमापावर खर्च करावा. बूस्ट गेज, तेलाच्या दाबाचा आणि तापमानाचा गेज आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. आजच्या गाडीत संगणकाशी जोडणाऱ्या ओबीडी पोर्टला एक छोटा ॲडॉप्टर लावला की इंटेकचं तापमान, ठिणगीची वेळ, नॉक झाल्याच्या नोंदी फोनवर दिसतात. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावरचे आकडे नोंदवून ठेवले की गाडीची मूळ प्रकृती कळते. पुढे केलेला प्रत्येक बदल त्याच्याशी ताडून पाहता येतो. हे न करता केलेलं ट्यूनिंग म्हणजे नुसता अंदाज.

मोजमाप झालं की हवागळतीची चाचणी. घरी करण्यासारखी, स्वस्त आणि सगळ्यात जास्त फळ देणारी. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारं पीव्हीसीचं टोपण घ्यायचं, त्याला टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर हे टोपण क्लॅम्पनं घट्ट आवळायचं. क्रँककेसकडे जाणारी ब्रीदरची नळी बंद करायला विसरायचं नाही, नाहीतर दाब तेलाच्या सीलवर जातो. मग टायर फुगवायच्या पंपानं हळूहळू नेहमीच्या बूस्टइतका दाब भरायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे बुडबुडे, तिथे गळती. टोपण सटकलं तर गोळीसारखं सुटतं, म्हणून त्याच्यासमोर उभं राहू नये. उन्हानं कडक झालेली रबरी नळी, सैल झालेला क्लॅम्प, इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेची बारीक फट, असले दोष इथे नेहमी सापडतात. गळती असली की ठरलेला दाब गाठायला टर्बो अधिक वेगानं फिरतो आणि हवा आणखी तापवतो. कित्येक गाड्यांचं ‘पिकप गेलं’ हे दुखणं नव्या टर्बोविना, एका क्लॅम्पवर बरं होतं.

यानंतर थंडावा. गाडीच्या नाकाशी इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक उभे असतात. बहरीनच्या उन्हाळ्यात एसी बंद करणं शक्य नसतं, त्यामुळे कंडेन्सरची सगळी उष्णता मागच्या रेडिएटरवर येते. या तिघांच्या कडेनं हवा निसटू नये म्हणून फोमच्या पट्ट्या आणि पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बसवला, तर मोठ्या इंटरकूलरइतका नाही तरी लक्षात येण्याजोगा फरक पडतो, खर्च मात्र नगण्य. या तिघांच्या पातळ पातींत अडकलेली वाळू आणि किडे मागच्या बाजूनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुवावेत. प्रेशर वॉशरनं त्या नाजूक पाती वाकून बसतात. कूलंटमध्ये निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड पाणी. १.१ बारच्या झाकणामुळे त्याचा उकळबिंदू सव्वाशे अंशांच्याही वर जातो. पण झाकणाचं रबर कडक झालं असेल तर हे सगळं गणित फुकट. रेडिएटरचं झाकण ही गाडीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू असावी.

गाडी विकत घेतानाही याचा विचार हवा. आखातातल्या अधिकृत विक्रेत्याकडची ‘जीसीसी स्पेक’ गाडी या हवेसाठी अधिक थंडावा आणि धुळीपासून बचाव धरून बनवलेली असते. परदेशातून आणलेली तीच गाडी स्वस्त मिळते, पण फरक पहिल्या ऑगस्टमध्ये कळतो.

तेलाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण टर्बो मरतो तो बहुधा तेलामुळेच. जोरात चालवून आलेली गाडी एकदम बंद केली की तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइनची उष्णता मधल्या भागात झिरपत राहते. तिथे अडकलेलं तेल भाजून काळी खरपुडी बनतं. ही खरपुडी बारीक वाटा बुजवते. पुढच्या खेपेला दांडा कोरड्यानं फिरतो. बऱ्याच सुबारूंच्या टर्बोला तेल पुरवणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये बारीक जाळी असते. ती चोंदली की चांगला टर्बो काही वेळात जातो. उपाय साधा आहे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवायचे, थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं. पाण्यानं थंड होणाऱ्या टर्बोतही ही सवय सोडू नये. तेल पूर्ण सिंथेटिक, कारखान्यानं सांगितलेल्या प्रतीचंच. पुस्तिकेत दहा-पंधरा हजार किलोमीटर लिहिलेले असले, तरी या धुळीत आणि उष्णतेत पाच हजारांवर बदललेलं बरं.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत आणखी एक धोका असतो. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनच्या कडा तुटतात. तेलातल्या कॅल्शियमच्या क्षारांचा याच्याशी संबंध आढळला. त्यावरूनच २०१८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची (एपीआय) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही प्रत आली. डब्यावरची ही दोन अक्षरं वाचून तेल घ्यावं. याच इंजिनांत इंटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, कारण पेट्रोल त्यांच्यावरून वाहतच नाही. ती काढायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाच्या हवेनं मारतात. धातूला ओरखडा न पाडता काजळी सुटते. हे काम घरी करू नये. यंत्र असलेल्या गॅरेजकडेच द्यावं.

वायव्येकडून शमाल वारा सुटला की बारीक धूळ सगळीकडे शिरते. अशा वेळी बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूसारखा फिल्टर दिसायला छान, पण तो इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. मूळचा बंद डबा, कागदी फिल्टर आणि बंपरमधून येणारी हवेची वाट, हीच जोडी इथे योग्य. फिल्टरमधून निसटलेली वाळू कॉम्प्रेसरच्या पातींच्या कडा झिजवते. फिल्टर काढला की दांडा बोटानं हलवून पाहावा. साध्या बेअरिंगच्या टर्बोत आडवी किंचित हालचाल असते, पुढे-मागे मात्र हाताला जाणवता कामा नये.

इंधनात बहरीनचा चालक भाग्यवान. पंपावर ९१ ऑक्टेनचं जय्यद, ९५ चं मुमताझ आणि ९८ चं सुपर मिळतं. संगणकाचं रीमॅपिंग ९८ वर केलं असेल तर पुढे ९८ च भरावं. नॉकिंगशी हा झगडा टर्बोच्या जन्मापासूनचा आहे. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही पहिल्या टर्बो मोटारींपैकी एक. तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारणारी वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत आणि गाडी मंदावे. आज हौशी लोक तीच फवारणी पुन्हा बसवतात, आता नियंत्रणासाठी सेन्सर आहेत एवढाच फरक. इथेनॉलही हेच काम करतं. त्याचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर असतो आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषतं. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांतून येणारं इथेनॉल आज भारतातल्या ई-२० पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. मायलेजच्या तक्रारीत त्याचा हा गुण मात्र कुणी बोलत नाही. त्यासाठी रबरी नळ्या आणि पंप त्याला सोसणारे हवेत, हे खरं.

रीमॅपिंग शेवटी. साध्या सॉफ्टवेअर बदलानं बऱ्याच टर्बो गाड्यांची ताकद वीसेक टक्क्यांनी वाढते. प्लग एक श्रेणी थंड घ्यावेत, गॅप किंचित कमी ठेवावा. पण ट्यूनर जानेवारीत, १८ अंशांत बसून काम करणार असेल, तर त्याला जुलैचे इंटेक तापमानाचे आकडे दाखवावेत आणि तापमान चढलं की बूस्ट आपोआप उतरेल अशी सोय मागून घ्यावी. आकडा कमी दिसेल, इंजिन टिकेल.

घरच्या कामातली सुरक्षितता वेगळी सांगायला हवी. उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं आणि जॅकस्टँडचे पाय हळूहळू रुततात. खाली जाड प्लाय किंवा लोखंडी पत्रा घातल्याशिवाय गाडीखाली शिरू नये. नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. काम पहाटे किंवा रात्री करावं. वापरलेलं तेल वाळूत ओतू नये, तेल बदलणाऱ्या गॅरेजच्या पिंपात द्यावं.

बहरीनमध्ये नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडीची तांत्रिक तपासणी होते. परवानगीशिवाय केलेले बदल तिथे अडतात. सुट्टीत भारतात गावी गेल्यावर हेच प्रयोग तिथल्या गाडीवर करू पाहणाऱ्यांनी अधिक सावध राहावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल भारतात करता येत नाही. देखभालीला मात्र कुठलाच कायदा आड येत नाही. साबणाच्या पाण्याची चाचणी, फोमच्या पट्ट्या, नवं झाकण, वेळेवर तेल, हे सगळं साताऱ्यातल्या टर्बो डिझेललाही तितकंच लागू आहे.

ज्यांना वेगच हवा त्यांनी साखीरच्या ट्रॅकवर जावं. २०१४ पासून तिथली फॉर्म्युला वन दिव्यांखाली, सूर्य मावळल्यावर होते आणि त्याच वर्षी त्या गाड्यांत १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड इंजिन आलं. हौशी गाडीसाठी ट्रॅकचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. जोराच्या दोन फेऱ्या, मग एक संथ. तेल १३० अंशांना पोचलं की आत यावं, बॉनेट उघडावं आणि इंजिन लगेच बंद करू नये. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात तेलाची पातळी, कूलंटची पातळी, ब्रेक पॅड आणि प्रत्येक क्लॅम्प तपासावा, आणि वहीत तारीख घालून ठेवावी.