पेशीपटलाचा दुहेरी थर आणि शास्त्रीय प्रमाण

पेशीचे पटल हे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते, हे विधान आज प्रथम वर्षाचा विद्यार्थीही निःशंकपणे करतो. ज्या प्रयोगाच्या आधारे हे विधान प्रथम मांडण्यात आले, त्यातील मोजमापे मात्र सदोष होती. असे असूनही निष्कर्ष टिकला. हे कसे घडले, याचा विचार संशोधनाची उमेद बाळगणाऱ्या प्रत्येकाने करण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओव्हर्टन यांना असे आढळून आले होते की, जो पदार्थ तेलात अधिक विरघळतो तो पेशीत अधिक शीघ्र शिरतो. यावरून पटल स्निग्ध द्रव्याचे असावे, हे अनुमान निघाले. परंतु त्याच्या रचनेचा उलगडा होईना. तो करण्याचे साधन लँगम्यूर यांच्या १९१७ मधील कार्याने हाती आले. पाण्याच्या पृष्ठभागावर पसरलेले स्निग्ध रेणू एकेरी थरात उभे राहतात. त्यांचे जलप्रिय टोक पाण्यात व जलविरोधी शेपूट हवेत असते. अशा थराचे क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजता येते.

हॉलंडमधील लायडेन येथे गॉर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये या साधनाचा उपयोग केला. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते व अंतर्गत पटलेही नसतात; म्हणून तिच्यातील सर्व स्निग्ध द्रव्य बाह्य पटलाचेच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी ॲसिटोनच्या साहाय्याने ते द्रव्य वेगळे केले, पाण्यावर पसरले आणि त्याच्या क्षेत्रफळास पेशींच्या एकूण पृष्ठफळाने भागिले. मनुष्य, कुत्रा, मेंढी, ससा इत्यादींच्या रक्तात हे गुणोत्तर दोनच्या जवळपास आले. अर्थात पटल दोन रेणूंइतके जाड, आणि दोन्ही थरांच्या शेपट्या परस्परांसमोर आत वळलेल्या, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या गणितात दोन दोष होते. पहिला असा की, ॲसिटोनने सर्व स्निग्ध द्रव्य निघत नाही. सुमारे पाऊण हिस्साच हाती येतो. दुसरा असा की, पेशीचे पृष्ठफळ त्यांनी व्यासावरून एका ढोबळ सूत्राने काढले. मानवी पेशीसाठी ते सुमारे १०० चौरस मायक्रॉन आले. वस्तुतः ते १३५ चौरस मायक्रॉनच्या आसपास असते. भागाकारातील वरची व खालची अशा दोन्ही संख्या जवळजवळ सारख्याच प्रमाणात घटल्या आणि गुणोत्तर होते तसेच राहिले.

१९६६ मध्ये बार, डीमर व कॉर्नवेल यांनी हा प्रयोग सुधारलेल्या पद्धतीने पुन्हा केला. तेव्हा असे दिसून आले की, हे गुणोत्तर थरावरील दाबावर अवलंबून असते. अल्प दाबाखाली ते दोन येते. थर पूर्णपणे दाबला असता ते सुमारे १·३ पर्यंत उतरते. पटलाच्या पृष्ठाचा काही भाग प्रथिनांनी व्यापलेला असतो. १९२५ च्या हिशेबात त्यांना स्थानच नव्हते.

मग दुहेरी थराची कल्पना आज आपण कशाच्या आधारे स्वीकारतो? १९५० नंतरच्या दशकात रॉबर्टसन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटलाच्या छेदात दोन गडद रेषा व त्यांमधील फिकट पट्टा दिसला. १९७१ मध्ये विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या विवर्तनाने तीच रचना दाखविली. १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी या प्रवाही दुहेरी थरात प्रथिने रुतलेली असतात, असे प्रतिपादन केले. ही साधने परस्परांहून भिन्न असून त्यांतील दोषही भिन्न आहेत. एकाच प्रकारच्या चुकीमुळे या सर्वांचे उत्तर एक यावे, हे जवळजवळ असंभाव्य होय.

येथेच या इतिहासाचा बोध आहे. उत्तर बरोबर आले म्हणजे पद्धतही बरोबर होती, असे ठरत नाही. तसेच पद्धतीत दोष सापडला म्हणून निष्कर्ष असत्य, असेही ठरत नाही. आपल्या प्रयोगाचा आकडा अपेक्षेशी जुळला की आपण पडताळा घेण्याचे थांबवितो, ही आपणां सर्वांची सवय आहे. गॉर्टर व ग्रेंडेल यांचा आकडाही तंतोतंत जुळला होता. म्हणून जुळलेल्या आकड्याचीच तपासणी अधिक कसोशीने व्हावयास हवी.