खानदेशातील चुनखडीयुक्त जमिनी आणि पिकांना होणारी लोहाची उपलब्धता

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील काळ्या जमिनी मुख्यत्वे बेसाल्ट खडकापासून निर्माण झाल्या असून या खडकात लोह विपुल असते. तथापि चुनखडीयुक्त शेतांत भुईमूग, ऊस इत्यादी पिकांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेतकरी यास 'केवडा' म्हणतात. जमिनीत लोह असूनही पीक उपाशी का राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साठा व विद्राव्यता :
एक हेक्टर जमिनीच्या १५ सें.मी. थराचे वजन सुमारे २२ लाख किलो भरते. त्यात केवळ एक टक्का लोह धरले तरी ते २२ हजार किलो होते. पिकाची गरज मात्र काही किलोंचीच असते. म्हणजेच प्रश्न साठ्याचा नसून विद्राव्यतेचा आहे. सामू एका अंकाने वाढल्यास फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. शिवाय भारी जमिनीत अतिसिंचनाने हवा कोंडते. साचलेला कार्बन डायऑक्साइड, पाणी व चुनखडी यांच्या अभिक्रियेतून बायकार्बोनेट तयार होते आणि ते मुळांनी स्रवलेले आम्ल निष्प्रभ करते. याउलट सेंद्रिय पदार्थ लोहाशी संयुगे करून त्यास विद्राव्य ठेवतात व त्याचे मुळांकडे वहन सुलभ करतात.

पिकांकडून शोषण :
भुईमुगासारखी पिके आम्ल स्रवून फेरिक लोहाचे फेरस रूपात क्षपण करतात व नंतर ते शोषतात. बायकार्बोनेटमुळे नेमकी हीच क्रिया खुंटते. मका, ऊस ही गवतवर्गीय पिके लोहास बांधून घेणारी विशिष्ट द्रव्ये स्रवतात.

उपाययोजना :
अशा जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकल्यास त्याचे त्वरित ऑक्सिडीकरण होऊन खर्च वाया जातो. त्याची फवारणी करणे किंवा ते शेणखतात मुरवून देणे अधिक उपयुक्त ठरते. चिलेटांपैकी ईडीटीए संयुग उच्च सामूला टिकत नाही, ईडीडीएचए टिकते. पाण्याचा निचरा सुधारणे हाच मूलगामी उपाय होय.

निष्कर्ष :
२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेतील १२ घटकांत सामू व लोह आहेत, परंतु मुक्त चुना नाही. त्यामुळे अहवालात लोह 'पुरेसे' असूनही पीक पिवळे दिसू शकते. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फसफस पाहणे ही चुनखडीची साधी परीक्षा होय. ती कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते. परिसरातील शेतकऱ्यांसाठी प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी ती हाती घेतल्यास अनाठायी खर्च निश्चितच टळू शकेल.