निवृत्तीनंतर गावाकडचे घर : गोळ्यांइतकीच सोबतही गरजेची



भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील आपल्या वस्त्यांमधून दोन-तीन पिढ्या मुंबई-पुण्याला कामाला गेल्या. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत, कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात. आयुष्य एका खोलीत काढले. मनात मात्र एकच होते, निवृत्त झालो की गावी पक्के घर बांधायचे. आज वस्तीवस्तीत अशी स्लॅबची घरे उभी आहेत आणि कित्येक घरांत दोघेच राहतात. मुले, सुना, नातवंडे शहरात. अशा घरांत आरोग्य तपासणीसाठी जाताना आम्हाला जे दिसले, ते या वेळी सांगत आहोत.

भोरच्या पश्चिमेकडील एका वस्तीतले जोडपे. आपण त्यांना मामा-मामी म्हणू. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा मामांचा रक्तदाब 180/110 निघाला. गोळ्या कधीच्या बंद. "आता मुंबईची धावपळ नाही, मग गोळी कशाला?" हे त्यांचे म्हणणे. मामींना झोप नव्हती, जेवण जात नव्हते, अंग दुखत होते. रक्त तपासले, त्यात विशेष काही निघाले नाही. चहा पिताना मामी बोलल्या, "सिस्टर, चाळीत दार उघडलं की चार बाया दिसायच्या. हितं दिवसभर नुसता पावसाचा आवाज."

मामांना गोळीची गरज होती आणि मामींना माणसांची. खरे तर दोघांनाही दोन्हींची गरज होती.

एकटेपणाने शरीराचे काय होते?

एकटेपणा हा नुसता मनाचा विषय नाही. जवळ बोलायला कोणी नसले की शरीर सतत सावध राहते. ताण वाढवणारी संप्रेरके रक्तात जास्त राहतात. त्यामुळे रक्तदाब व साखर वाढते, झोप मोडते. दोघांपुरते रांधायचा कंटाळा येतो, मग चहा-चपातीवर दिवस निघतो. बाहेर जाणे नाही म्हणून चालणे नाही, चालणे नाही म्हणून पायांतली ताकद जाते. औषध घेतले का, हे विचारणारेही कोणी नसते. हळूहळू विसराळूपणाही वाढू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2025 साली अहवाल दिला. त्यानुसार जगात दर 6 माणसांमागे 1 माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला 8 लाख 71 हजारांहून अधिक मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध आहे. अमेरिकेत 1938 पासून एक अभ्यास चालू आहे. त्यात हार्वर्ड विद्यापीठातले विद्यार्थी होते, तशी बॉस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली मुलेही होती. त्यांच्या साऱ्या आयुष्याची नोंद ठेवल्यावर असे दिसले की ज्यांचे माणसांशी संबंध चांगले, त्यांचे म्हातारपण जास्त निरोगी. हे गरीब-श्रीमंत दोघांनाही लागू पडले.

मामींना मैत्रिणी कशा मिळाल्या?

वेल्हे-भोरचा पाऊस आपल्याला माहीत आहे. आवणी आटोपली की वयस्कर माणूस घरात अडकतो. वरंध घाट तर बऱ्याच पावसाळ्यांत बंदच ठेवावा लागतो. पण याच दिवसांत आपला वर्षावास असतो. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन होते. आम्ही शेजारच्या एका ताईंना सांगितले, जाताना मामींना हाक मारा.

पहिले चार दिवस मामी नाही म्हणाल्या. पाचव्या दिवशी गेल्या. आठवडाभराने वाचन झाल्यावर तिघी जणी मामींच्या पडवीत थांबू लागल्या. नवे घर, मोठी पडवी, बसायला कोरडी जागा. तांदूळ निवडता निवडता गप्पा, कोणाच्या सुनेचे बाळंतपण, कोणाच्या गुडघ्याचे दुखणे, आणि खूप हसणे. मामांनी वाचनाची जबाबदारी घेतली. सकाळी दोन जुन्या सोबत्यांबरोबर ते धरणाच्या बाजूला फिरून येऊ लागले. "गोळी घेतली का रे?" हे आता ते एकमेकांना विचारतात.

पुढच्या पावसाळ्यात मामांचा रक्तदाब 136/84 होता. हे गोळ्यांमुळे झाले, एकट्या गप्पांमुळे नाही, हे स्पष्ट सांगतो. पण गोळी चालू राहिली ती सोबत्यांमुळे. मामी आता जेवतात आणि झोपतात.

बोलावूनही काही जण का येत नाहीत?

आपण म्हणतो, त्यांचा स्वभावच तसा. बहुतेक वेळा कारण वेगळे असते आणि ते सांगायची लाज वाटते.

ऐकू कमी येते, म्हणून चारचौघांत बसायला नको वाटते. कान तपासून घ्या. कधी नुसता मळ असतो. कानात गरम तेल घालू नका.

दिसत कमी असते, रात्री परतताना भीती वाटते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. रात्री बॅटरी घ्या, पायात चप्पल हवीच. विंचू-सापाचे दिवस असतात.

लघवी धरवत नाही. हे कारण सर्वांत जास्त लपवले जाते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने, बायकांत बाळंतपणांनंतर खालचे स्नायू सैल पडल्याने आणि दोघांतही मधुमेहाने असे होते. बायकांनी लघवी रोखताना आवळतो तसे ते स्नायू 5 मोजेपर्यंत आवळून सोडावेत. असे 10 वेळा, दिवसातून 3 दा. दोन-तीन महिन्यांत पुष्कळ जणींना फरक पडतो. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना करू नये.

गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. विहारात चार खुर्च्या ठेवा आणि शौचालय वापरात ठेवा. हेही आरोग्याचेच काम आहे.

गावी राहायला आल्यावर

1. शहरातली औषधांची चिठ्ठी व फाइल सोबत आणा. पहिल्या आठवड्यातच जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.
2. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही, एकदम पक्षाघातच होतो. पावसाळ्याआधी महिन्याभराच्या जादा गोळ्या मागून ठेवा.
3. नव्या घरातली गुळगुळीत फरशी पावसात धोक्याची. न्हाणीघरात खरबरीत फरशी, धरायला दांडा आणि रात्री दिवा हवा.
4. वय 70 पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात.
5. एसटीत 65 ते 75 वयाला अर्धे तिकीट, 75 नंतर प्रवास मोफत, महिलांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट. जुन्या चाळीतल्या मैत्रिणीला भेटून या, तिलाही गावी बोलवा.
6. मित्रांची बैठक बाटलीवर नको. मैत्रिणींत मिश्रीची डबी फिरवू नका.
7. दोन आठवडे मन उदास असेल, जगणे नको वाटत असेल तर 14416 वर फोन करा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567. दोन्ही मोफत आहेत.

तथागतांनी कल्याणमित्राला धम्माच्या वाटेवर मोठे स्थान दिले आहे. परिचारिका म्हणून आम्ही एवढेच म्हणू की आजारपणातही त्याचे स्थान तेवढेच मोठे आहे.

तुमच्या वस्तीत या वर्षी कोण नव्याने राहायला आले, आठवून पाहा. दोघेच असतील, किंवा दोघांतले एकच उरले असेल. आज संध्याकाळी विहारात जाताना त्यांच्या दारावरून जा आणि हाक मारा. पहिल्या दिवशी नाही म्हणतील. पाचव्या दिवशी येतील.

जयभीम. नमो बुद्धाय.