हळू दाखवायचे, तर भरभर टिपा!

14 नोव्हेंबर 1992. दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे भारताचा कसोटी सामना चालू होता. सचिन तेंडुलकर धाव घ्यायला पुढे सरसावला आणि माघारी वळला. तेवढ्यात जाँटी ऱ्होड्सने चेंडू फेकला आणि अँड्र्यू हडसनने यष्ट्या उडवल्या. सचिन आधी पोहोचला, की बेल्स आधी उडाल्या? मैदानावरचे पंच सिरिल मिचली यांनी तो प्रश्न तिसरे पंच कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे सोपवला. त्यांनी तो क्षण पडद्यावर पुन्हा पाहिला आणि आपला मुंबईकर सचिन धावचीत ठरला. कसोटी क्रिकेटमध्ये अशा रीतीने बाद झालेला तो पहिलाच फलंदाज!

पण मित्रांनो, घडलेले सगळेच काही चित्रफितीत उतरत नाही. हा हिशेब करून पाहा. त्या काळचा साधा दूरचित्रवाणी कॅमेरा सेकंदाला 25 पूर्ण चित्रे घेत असे. ताशी 25 किलोमीटर वेगाने धावणारा फलंदाज सेकंदाला सुमारे 7 मीटर जातो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो 28 सेंटिमीटर पुढे सरकतो. बेल्स नेमक्या या मधल्या फटीत उडाल्या तर? मग फीत कितीही सावकाश फिरवा, तो क्षण दिसायचा नाही. जे टिपलेच नाही, ते दाखवणार कुठून?

यावर उपाय म्हणजे चित्रेच अधिक घ्यायची. सेकंदाला 250 चित्रे टिपली आणि ती सेकंदाला 25 या गतीने दाखवली, तर एका सेकंदाची घटना पडद्यावर 10 सेकंद चालते. फटही 28 सेंटिमीटरवरून 3 सेंटिमीटरच्या आत येते.

मात्र यात दोन अडचणी आहेत. पहिली प्रकाशाची. सेकंदाला 1000 चित्रे घ्यायची, तर एका चित्राला फार तर सेकंदाचा हजारावा भाग मिळतो. तेवढ्यात पुरेसा प्रकाश आत यायला हवा. शिवाय आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण मंदगती चित्रात मैदान लुकलुकू लागते!

दुसरी अडचण साठवणीची. उच्च दर्जाच्या एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके असतात. अशी 1000 चित्रे म्हणजे दर सेकंदाला 207 कोटी ठिपके! म्हणून असे कॅमेरे जुनी चित्रे पुसत नवी साठवत राहतात. महत्त्वाचा क्षण घडला, की तेवढाच भाग जपून ठेवतात.

आज पुष्कळ मोबाइल फोनही सेकंदाला 240 चित्रे घेतात. तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या पटांगणावर कबड्डी रंगली असताना हा प्रयोग सहज करता येईल. चढाई करणाऱ्याचा हात मध्यरेषेकडे सेकंदाला 5 मीटर वेगाने झेपावला, तर दोन चित्रांतले अंतर 2 सेंटिमीटरच भरेल. साध्या 25 चित्रांत ते 20 सेंटिमीटर झाले असते.

हात रेषेला केव्हा लागला, ते चित्र सांगेल. पण त्याआधीच दम तुटला होता का? ते मंदगती चित्रात दिसत नाही. त्यासाठी पंचांचा कानच हवा!