हाताजोगे काम

काही वर्षांपूर्वी नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावी मी एका समारंभाला हजर होतो. हारतुरे झाले, भाषणे झाली आणि पोलिओने दोन्ही पाय गेलेल्या एका तरुणाला शिलाईयंत्र भेट देण्यात आले. टाळ्या मीही वाजवल्या. यंत्र पायाने चालवायचे होते, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही! दिवाळीत त्याच्या घरी गेलो, तर यंत्रावर ज्वारीचे पोते ठेवलेले.

श्रोते हो, अपंगांना व निराधारांना काम शिकवणाऱ्या संस्थांविषयी बोलायचे म्हटले की मला ते पोते आठवते. दया पुष्कळांना येते. पण अवजार माणसाला जुळले पाहिजे आणि त्याने केलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळाले पाहिजे. या दोहोंपैकी एक जरी चुकले तरी शिकवणे फुकट जाते.

ही अडचण नगरला नवी नाही. 1899-1900 च्या दुष्काळात आईबाप गमावलेली पुष्कळ मुले येथील अमेरिकन मराठी मिशनने सांभाळली. मुले उद्या मोठी होणार, मग खाणार काय? म्हणून त्यांना सुतारकाम, विणकाम असे उद्योग शिकवण्यात आले. पण गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमागावर पोट भरणे कठीण. मिशनमध्ये चर्चिल नावाचे एक अमेरिकन इंजिनियर होते. विणकराने आणखी राबावे असा उपदेश त्यांनी केला नाही. त्यांनी माग सुधारला. तेवढ्याच वेळात जास्त कापड निघेल असा हातमाग त्यांनी नगरला तयार केला. पुढे स्वदेशी परतल्यावर 1922 मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नीने केंटकी राज्यातील बेरिया गावी हातमागाचा कारखाना काढला. तो 2007 पर्यंत चालला. नगरच्या मागाची विद्या सातासमुद्रापार गेली, आणि नगरच्या लोकांना ते फारसे ठाऊक नाही.

आता मागाचेच घ्या. पावड्या दाबायला पाय हवेत. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला मागावर बसवून उपयोग नाही. परंतु कांड्या भरणे हे बैठे काम त्याला उत्तम जमते. ज्याला ऐकू येत नाही, त्याला मागाच्या खडखडाटाचे काय? तो बिनघोर विणील. अंध माणूस वेताच्या खुर्च्या बोटांच्या स्पर्शाने विणतो. म्हणजे आधी कामाचे तुकडे पाडायचे, आणि कोणता तुकडा कोणाला पेलेल ते बघायचे. चांगली शिकवणारी संस्था पहिल्यांदा हेच करते.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी 1951 मध्ये मोजक्या कुष्ठरोग्यांना घेऊन आनंदवनात काम सुरू केले. खडकाळ जमीन फोडून त्यांनी विहीर खणली, भाजीपाला पिकवला. पण कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी घेणार कोण? गावात ती कोणी शिवेना. पुढे परदेशी स्वयंसेवक येऊन त्या रोग्यांच्या बरोबरीने राबले, जेवले, राहिले. ते पाहिल्यावर वरोऱ्याच्या लोकांची भीती हळूहळू मोडली आणि भाजी विकली जाऊ लागली. भाजी तीच होती, बरं का! नंतर आनंदवनात हातमाग आले, आणि संधिनिकेतनात अपंगांना हस्तोद्योगांचे शिक्षण मिळू लागले.

अलीकडचे उदाहरण कोल्हापूरचे. नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. त्यांनी 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि संस्थेने कुडाळकडे 'स्वप्ननगरी'त काजूप्रक्रियेचे काम सुरू केले. काजू निवडला ही दूरदृष्टी होय. माल जवळपासच पिकतो, सोलणे व निवडणे बसून होते, आणि काजू विकत घेताना तो कोणी निवडला हे गिऱ्हाईक विचारीत नाही. आपल्या नगरलाही अनामप्रेम संस्था दिव्यांग मुलामुलींच्या शिक्षणाचे व प्रशिक्षणाचे काम करते. शिक्षकमंडळींनी एकदा मुलांना घेऊन तेथे जावे.

कायदाही आता पुष्कळ पुढे आला आहे. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले. पूर्वी ते 7 होते. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे 5 टक्के आपल्या गावात कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारावे. वस्तू घ्यायची ठरली, तर घेण्यापूर्वी ज्याला ती द्यायची त्याला बोलावून विचारावे. त्या समारंभाआधी कोणी एवढे केले असते तर!

त्या तरुणाच्या यंत्राला पुढे तालुक्याच्या एका मेकॅनिकने विजेची मोटर बसवून दिली. पायाने दाबायचा खटका त्याने टेबलाच्या कडेला, कोपराशी येईल असा लावला. दोन्ही हात कापडाला मोकळे राहिले. परवा गेलो तेव्हा तो झंपर शिवीत होता. म्हणाला, "सर, काम भरपूर आहे. लोक शिलाई उधार ठेवतात, तेवढंच बघा."